लांबून पीसी चालू करायचाय? पॉवर बटणावर एक वायफायवालं बोट बसवा

माझा डेस्कटॉप साताऱ्याला घरी वरच्या खोलीत आणि मी पुण्यात भाड्याच्या खोलीत, आणि सगळे जुने प्रोजेक्ट, फोटो, एडिटिंगचा पसारा त्या मशीनमध्ये. काही लागलं की बाबांना फोन, "बाबा, तेवढं वर जाऊन कॉम्प्युटरचं बटण दाबा ना." मग ते गुडघे सांभाळत जिना चढणार, वर पोचल्यावर विचारणार की मोठं बटण का बारकं, आणि दोनदा त्यांनी बारकं म्हणजे रिसेट दाबलंय, तेही मशीन ऑलरेडी चालू असताना. दुसऱ्यांदा माझं चार तासांचं रेंडर गेलं तेव्हा ठरवलं की बाबांना यातून सुट्टी द्यायची.

तर हे जे बनवायचंय ते म्हणजे फक्त एक बोट आहे, जे वायफायवरून सांगितलं की पॉवर बटण दाबतं. बनवायला एक रविवार पुरतो आणि खर्च साधारण ५०० रुपयांच्या आत बसतो. पण बोटाला दाबायला शिकवणं सोपं असतं हो, नको तेव्हा दाबू नकोस हे शिकवण्यातच माझा जास्त वेळ गेला, म्हणून ते खाली जरा सविस्तर लिहिलंय.

आधी फुकटचा उपाय करून बघा

वेक ऑन लॅन नावाची सोय बहुतेक मदरबोर्डमध्ये असते. नेटवर्कवरून एक खास पॅकेट पाठवायचं, त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात, त्यात सुरुवातीला सहा बाइट सगळे एफएफ आणि पुढे तुमच्या लॅनकार्डाचा मॅक ॲड्रेस १६ वेळा, एकूण १०२ बाइट. पीसी बंद असला तरी लॅनकार्ड जागं असतं, ते आपलं नाव १६ वेळा ऐकतं आणि मशीन उठवतं. बायॉसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्ज) चालू करायचं, विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करायचं, झालं. तुमचा पीसी केबलने राउटरला जोडलेला असेल आणि तुमच्याकडे लाईट जात नसेल तर हेच वापरा, पुढचं वाचायची गरज नाही. ते पॅकेट फेकायला घरात कोणीतरी लागतं, ते काम पण खाली घेतलेला बोर्डच करू शकतो, कॅबिनेट उघडावं पण लागत नाही.

माझं घोडं अडलं ते लाईटवर. बऱ्याच मदरबोर्डवर एकदा पूर्ण वीज गेली की लॅनकार्ड ते ऐकण्याच्या अवस्थेतून बाहेर पडतं, आणि एकदा मशीन हाताने चालू करून बंद केल्याशिवाय परत ऐकत नाही. आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी लाईट जातेच, म्हणजे परत बाबा, परत जिना. बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू हो असा पण एक पर्याय असतो, तो मी आठवडाभर ठेवून बघितला. पावसाळ्यात लाईट पाच मिनिटांत चार वेळा ये-जा करते तेव्हा मशीन पण चार वेळा उठतं आणि चार वेळा आडवं पडतं, हार्ड डिस्कची दया आली आणि बंद केला.

बटणाच्या मागे नक्की काय असतं

नवीन लोकांना इथेच भीती वाटते म्हणून सांगतो. कॅबिनेटवरचं पॉवर बटण २३० व्होल्टला जोडलेलं नसतं. पीसी शटडाऊन केला तरी मागची केबल लावलेली असेपर्यंत एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, एका जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट देत राहतो, स्टँडबाय म्हणतात त्याला, आणि त्यावर मदरबोर्डचा एक छोटा भाग जागा राहून बटणाची वाट बघत बसतो. बटणाच्या दोन बारीक वायर मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांवर येतात. त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना चिकटल्या की मशीन चालू, दारावरच्या बेलसारखं. चालू असताना थोडंसं दाबलं तर विंडोज नीट शटडाऊन होतं, आणि चारेक सेकंद दाबून धरलं तर थेट गळा दाबल्यासारखं बंद.

म्हणजे आपल्याला फक्त त्या दोन पिना अर्धा सेकंद जोडायच्यात. एसएमपीएस उघडायचा नाही, आत हात घालायचा नाही, त्यातले कपॅसिटर केबल काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात. आपलं काम पूर्ण त्याच्या बाहेर आहे.

सामान

मेंदू म्हणून ईएसपी८२६६ चिप असलेला बोर्ड घ्या, नोडएमसीयू किंवा वेमॉस डी१ मिनी, दोन्ही चालतात, मिनी आकाराने बरा. ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, २०१४ च्या सुमारास आली आणि शौकीन लोकांनी डोक्यावर घेतली कारण वायफाय एवढं स्वस्त आधी मिळतच नव्हतं. ईएसपी३२ घरात पडला असेल तर तो वापरा, पण मुद्दाम घ्यायची गरज नाही, एक बटण दाबायचंय. त्याशिवाय पीसी८१७ ऑप्टोकपलर दोन (एक जळतोच, चार घ्या, पाच-दहा रुपयाला असतो), ३३० ओहमचे रेझिस्टर म्हणजे नारिंगी नारिंगी तपकिरी पट्ट्यावाले, थोड्या जंपर वायर, सोल्डर न करता वायरी खोचायचा छोटा ब्रेडबोर्ड आणि नंतर पक्कं करायला झिरो पीसीबीचा (नुसत्या भोकांची पाटी) तुकडा, जुना मोबाईल चार्जर, आणि मल्टीमीटर. मल्टीमीटर शेजाऱ्याकडून आणा पण आणा. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड सांगायला नको, बाकीच्यांनी ऑनलाइन मागवा. यूएसबी केबल मात्र डेटावाली बघून घ्या. बोर्ड ओळखतच नाही अशी रडारड निम्म्या वेळा नुसत्या चार्जिंगच्या केबलमुळे असते, माझी पूर्ण संध्याकाळ त्यात गेलीय.

रिले का नाही, ऑप्टोकपलर का? रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, त्याने पण होतं, आणि त्यात उलटसुलट जोडायची चिंता नसते. पण बाजारात मिळणारे बरेच रिले मॉड्यूल पिन लो (शून्य व्होल्ट, हाय म्हणजे ३.३) झाली की चालू होणारे असतात, आणि बोर्ड चालू होताना पिना क्षणभर इकडेतिकडे होतात तेव्हा रिले टक्क करतो, म्हणजे लाईट आली की बोट आपणहून बटण दाबणार. ऑप्टोकपलर म्हणजे एका काळ्या किड्यात एक एलईडी आणि समोर उजेड पडला की वाहणारा ट्रान्झिस्टर. दोन्ही बाजूंमध्ये तारेचा संबंधच नाही, फक्त उजेडाचा, त्यामुळे चार्जर फालतू असला तरी मदरबोर्डला त्याची झळ सहसा लागत नाही.

जोडणी

पीसी८१७ वर एका कोपऱ्यात टिंब असतं ती पिन १, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने २, ३, ४. बोर्डाच्या डी१ पिनपासून ३३० ओहमचा रेझिस्टर, तिथून पिन १. पिन २ बोर्डाच्या ग्राउंडला. एलईडीवर साधारण १.२ व्होल्ट पडतात, बोर्ड ३.३ देतो, उरलेले २.१ भागिले ३३० म्हणजे ६ मिलिॲम्पच्या थोडं वर करंट, जो पिनला झेपतो आणि ऑप्टोला पुरतो. दुसरी बाजू, पिन ४ मदरबोर्डच्या बटणाच्या प्लसवाल्या पिनेला आणि पिन ३ ग्राउंडवाल्या पिनेला.

डी१ च का, तर या चिपच्या काही पिना चालू होताना स्वतःच्या कामात असतात. डी३, डी४ आणि डी८ च्या अवस्थेवरून चिप कुठल्या मोडमध्ये उठायचं ते ठरवते, तिथे आपण काही लटकवलं तर बोर्ड उठतच नाही किंवा उठताना धक्के देतो. डी१ आणि डी२ शांत पिना आहेत, त्याच घ्या.

बटणाच्या दोन पिनांपैकी प्लस कुठली ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतं, नसेल तर मोजा: पीसी बंद पण केबल लावलेली, मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, काळी प्रोब कॅबिनेटच्या रंग उडालेल्या धातूवर, लाल एकेका पिनेवर. जिथे ३.३ किंवा ५ च्या आसपास दिसेल ती प्लस, जिथे शून्य ती ग्राउंड. हात हलून दोन्ही पिना चिकटल्या तर पीसी चालू होईल एवढंच, पण शेजारच्या भलत्या पिनांना मात्र जपा.

आता अडचण अशी की त्या पिनांवर कॅबिनेटच्या बटणाचा कनेक्टर आधीच बसलेला असतो, आणि तो काढून टाकला तर घरच्यांचं बटण मेलं. म्हणून त्या दोन वायरींचं मध्ये कुठेतरी सेंटिमीटरभर इन्सुलेशन खरवडा, तिथे आपल्या दोन वायरी सोल्डर करा आणि वर टेप किंवा हीट श्रिंक. दोन्ही बटणं समांतर झाली, कोणीही दाबा. हे काम करताना मागची केबल काढा, केबल काढल्यावर पॉवर बटण एकदा दाबून उरलासुरला चार्ज जाऊ द्या, आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच आत जा, विशेषतः थंडीत.

पण थांबा, अजून पीसीला जोडू नका, हे वाचून ठेवा नुसतं. आधी टेबलावर चालवून बघू.

टेबलावरची परीक्षा

आर्डुइनो आयडीई (प्रोग्रॅम लिहून बोर्डात भरायचं सॉफ्टवेअर) टाका, प्रेफरन्सेसमध्ये ईएसपी८२६६ पॅकेजची अधिकृत लिंक घाला, मग बोर्ड मॅनेजरमधून ईएसपी८२६६ इन्स्टॉल करा आणि यादीतून आपला बोर्ड निवडा. पोर्ट दिसत नसेल तर सीएच३४० चा ड्रायव्हर टाका, स्वस्त बोर्डांवर बहुतेक तीच यूएसबी चिप असते. सगळ्यात आधी ब्लिंकचं उदाहरण चालवा. बोर्डावरचा दिवा लुकलुकला की अर्धी लढाई जिंकली, खरंच.

मग दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहा: डी१ ला आधी लो करा, मग आउटपुट करा, याच क्रमाने. दर पाच सेकंदांनी हाय, ४०० मिलिसेकंद थांबा, परत लो. ऑप्टोच्या पिन ४ ला मल्टीमीटरची लाल, पिन ३ ला काळी, आणि मीटर डायोड मोडवर. बीपच्या मोडवर ठेवू नका, ट्रान्झिस्टरवर थोडा व्होल्टेज पडतो त्यामुळे बीप वाजेलच असं नाही आणि तुम्हाला वाटेल जोडणी चुकली. डायोड मोडवर एरवी ओएल किंवा १ दिसेल आणि दर पाच सेकंदांनी क्षणभर काहीतरी आकडा चमकून जाईल. तो आकडा म्हणजे तुमचं बोट हललं.

बाहेरून हुकूम कसा पोचवायचा

पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो की बोर्डावर छोटं वेबपेज ठेवू आणि राउटरमधून पोर्ट उघडू. नका करू. एक तर आजकाल बऱ्याच फायबर कनेक्शनवर एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, बाहेरून तुमच्या घरापर्यंत रस्ताच नसतो, आणि असला तरी त्या उघड्या पोर्टवर जगभरचे रिकामटेकडे येऊन दार ठोठावणार. उलट करा, बोर्डानेच बाहेर जाऊन विचारायचं, काही काम आहे का. यासाठी मला टेलिग्रामचा बॉट सगळ्यात सोपा वाटला, फुकट आहे आणि फोनवर ॲप असतंच.

टेलिग्राममध्ये बॉटफादर शोधा, त्याला न्यूबॉट म्हणा, नाव द्या, तो एक लांबलचक टोकन देईल. ते टोकन म्हणजे घराची किल्ली, प्रोग्रॅम मित्राला पाठवताना किंवा कुठे टाकताना आधी ते पुसा. आयडीईच्या लायब्ररी मॅनेजरमधून युनिव्हर्सल टेलिग्राम बॉट आणि आर्डुइनो जेसन घ्या, आणि सोबत येणारं इकोबॉटचं उदाहरण आहे तसं चालवा, तुम्ही जे लिहाल ते परत बोलतो. वायफायचं नाव २.४ गिगाहर्ट्झवालंच द्या, ही चिप ५ गिगाहर्ट्झ बघूच शकत नाही. आणि वायफाय लागलं पण टेलिग्राम लागत नाही असं झालं तर वेळ तपासा, बोर्डाला घड्याळ नसतं, तो स्वतःला १९७० सालात समजतो, आणि त्या तारखेला टेलिग्रामचं सर्टिफिकेट त्याला खोटं वाटतं. इंटरनेटवरून वेळ घेईपर्यंत थांबायची ओळ उदाहरणात असते, ती नको असेल म्हणून उडवू नका.

इको चालला की त्यात दोन गोष्टी घाला. पहिली, मेसेज कोणाकडून आलाय त्याचा चॅट आयडी सिरियल मॉनिटरवर (आयडीईमधली बोर्डाचे संदेश दाखवणारी खिडकी) छापून बघा, तो आकडा प्रोग्रॅममध्ये पक्का करा, आणि दुसऱ्या कुठल्याही आयडीकडून आलेलं सरळ दुर्लक्ष करा. बॉटचं नाव कोणालाही शोधून सापडतं, हे गाळलं तर तुमच्या पीसीचं बटण गावाला मोकळं. दुसरी, ऑन असा मेसेज आला की डी१ ४०० मिलिसेकंद हाय.

आणि इथे माझी फजिती झाली

एवढं करून मी खूश होऊन पुण्याला आलो. गुरुवारी दुपारी ऑन पाठवलं, काही उत्तर नाही. परत पाठवलं. परत. वैतागून एकूण चार वेळा. घरी लाईट गेली होती, बोर्डच बंद होता. टेलिग्राम काय करतं, न उचललेले मेसेज २४ तासांपर्यंत जपून ठेवतं. संध्याकाळी लाईट आली, बोर्ड उठला, चारही मेसेज त्याला ओळीने मिळाले आणि त्याने इमानदारीत चार वेळा बटण दाबलं. चालू, बूट होताना परत दाबलं, मग अजून एकदा, मग अजून. आईचा फोन, "तुझा कॉम्प्युटर वर आपोआप चालू-बंद होतोय रे, भुताटकी आहे का काय."

तर बोटाला अक्कल द्यायची ती अशी. प्रत्येक मेसेजसोबत तो पाठवल्याची वेळ येते, आणि बोर्डाला आता खरी वेळ माहिती आहे, तर ६० सेकंदांपेक्षा जुना हुकूम पाळायचा नाही, फक्त उत्तर द्यायचं की शिळा मेसेज मिळाला, सोडून दिला. एकदा दाबलं की पुढचं मिनिटभर कितीही ओरडलात तरी परत दाबायचं नाही. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोटाला डोळा पाहिजे, मशीन चालू आहे का बंद हे न बघता बटण दाबणं म्हणजे बाबांचं रिसेटच झालं की ते.

डोळ्यासाठी दुसरा ऑप्टोकपलर. मदरबोर्डवर बटणाच्या शेजारीच पॉवर एलईडीच्या दोन पिना असतात. कॅबिनेटच्या दिव्याचा कनेक्टर तिथून काढा, प्लसकडून ३३० ओहम, मग ऑप्टोची पिन १, आणि पिन २ मायनसला. दुसऱ्या बाजूला पिन ४ बोर्डाच्या डी२ ला, पिन ३ बोर्डाच्या ग्राउंडला, प्रोग्रॅममध्ये डी२ इनपुट पुलअप, म्हणजे एरवी हाय धरलेली. मशीन चालू असेल तर डी२ लो वाचेल, बंद असेल तर हाय. उलटं आहे हे लक्षात ठेवा, मी पहिल्यांदा विसरलो होतो. कॅबिनेटचा दिवा आता पेटणार नाही, पण तो बघायला तिथे असतं कोण. स्लीपमध्ये बऱ्याच मशीनचा दिवा उघडमीट करतो, म्हणून एकदाच न वाचता तीन-चार सेकंद वाचत राहा आणि मध्येच बदलला तर झोपलंय असं समजा.

आता ऑन आल्यावर आधी डोळा: चालू असेल तर दाबायचं नाही, नुसतं चालू आहे म्हणून सांगायचं. बंद असेल तर दाबायचं, दहा सेकंद थांबून परत बघायचं आणि जे खरं ते कळवायचं. ऑफ आल्यावर चालू असेल तरच थोडंसं दाबायचं, पण विंडोजमध्ये पॉवर बटणाला शटडाऊनच लावलंय ना ते बघून घ्या, कधीकधी तिथे स्लीप असतं. पाच सेकंद दाबून धरायचा हुकूम पण ठेवा, मशीन अडकलं तर लागतो, पण त्याला असा शब्द द्या जो चुकून टाइप होणार नाही. मी मशीनचं टोपणनाव आणि पुढे तीन आकडे असं ठेवलंय.

बसवणं

पॉवर कुठून? काही मदरबोर्डवर पीसी बंद असतानाही यूएसबीला वीज असते, बायॉसमध्ये ईआरपी (वीज वाचवायची सेटिंग) बंद असेल तर. असेल तर वायर वाचते. मी मात्र वेगळा मोबाईल चार्जर लावला, एसएमपीएसच गेला तरी बोर्ड जिवंत राहून सांगतो की दाबलं पण उठत नाहीये, आणि पुण्यात बसून एवढं कळणं पण मोठं असतं.

बोर्ड कॅबिनेटच्या आत ठेवू नका. पत्र्याच्या डब्यात वायफाय गुदमरतं, टेबलावर मस्त चालणारा बोर्ड आत गेल्यावर दर तासाला तुटायला लागतो आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. मागच्या बाजूची रिकामी कार्डाची पट्टी काढून तिथून फक्त चार वायरी बाहेर घ्या, दोन बटणाच्या दोन दिव्याच्या, आणि बोर्ड बाहेर डबीत. माझा हिंगाच्या प्लास्टिकच्या डबीत आहे, झाकणाला आपोआपच वायरपुरतं भोक होतं. वास महिनाभर येत होता. ब्रेडबोर्डवर तसंच सोडू नका, आठवडाभरात कुठलीतरी वायर सैल होते, झिरो पीसीबीवर सोल्डर करा.

वायफाय पाच मिनिटं लागलं नाही तर बोर्डाने स्वतःला रीस्टार्ट करायचं, ही ओळ घालाच, कारण लाईट आल्यावर राउटर उठायला बोर्डापेक्षा जास्त वेळ घेतो. राउटरला छोटा यूपीएस असेल तर उत्तम.

साताऱ्याहून निघण्याआधी रंगीत तालीम करा: फोनचं वायफाय बंद, मोबाईल डेटावरून ऑन, मग ऑफ, मग मेन स्विच बंद करून मेसेज पाठवा, दहा मिनिटांनी स्विच चालू करा आणि बोट गप्प बसतं का बघा. आणि चालू झाल्यावर आत शिरायला जे वापरता, एनीडेस्क, रस्टडेस्क, टेलस्केल, जे काही, ते लॉगिन करायच्या आधीच आपोआप सुरू होतं ना हे पण, नाहीतर पुण्यातून मशीन चालू होईल आणि तिकडे पासवर्डच्या पडद्यावर बसून राहील.

शेवटचं काम चिकटपट्टी आणि मार्कर. दिवाळीच्या आवराआवरीत आईने डबीचा चार्जर "रिकामाच लावलाय" म्हणून काढून ठेवला होता, आता त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "काढू नये, नाहीतर बाबांना जिना".